पास्ता बिघडतो तो कुठे?

आज आपण पास्त्याबद्दल बोलणार आहोत, आणि तेही चांगल्या झालेल्या नाही, बिघडलेल्या पास्त्याबद्दल. गटाच्या बैठकीत हा विषय निघाला की आधी सगळ्या हसतात आणि मग एकेक जण हळूच सांगायला लागते. पोराने हट्ट धरला म्हणून तालुक्याहून पाकीट आणलं. टोमॅटो, सिमला मिरची, चीजचे दोन चौकोन असा खर्च केला. आणि ताटात काय आलं? कुणाचा चिकट गोळा, कुणाचा आंबटढाण रस आणि त्यात पांढऱ्या फिक्या नळ्या, कुणाच्या दुधाचा चोथा पाणी. पोरगं दोन घास खाऊन ताट सरकवतं. वर घरातलं कुणीतरी म्हणतं, "तुला नाही जमायचं ते, ते हॉटेलातच खावं."

हे वाक्य आम्हाला फार खुपतं. जी बाई पन्नास माणसांची पुरणपोळी उठवते, तिला मूठभर नळ्या उकडता येत नाहीत असं कसं होईल? पास्ता बिघडतो त्याला कारणं असतात आणि ती बहुतेक सगळी कळण्यासारखी आहेत. काही तर पाकीट घरात येण्याआधीच घडलेली असतात.

पहिली गोष्ट, पास्ता हा गव्हाचा पदार्थ आहे. पीठ किंवा रवा पाण्यात घट्ट मळायचा, त्याला आकार द्यायचा, वाळवायचा आणि लागेल तेव्हा उकळत्या पाण्यात शिजवायचा. म्हणजे आपल्या शेवयांचा इटलीतला चुलतभाऊच. ताजा, न वाळवलेला प्रकार बघायचा तर आपल्या चकोल्या आहेत, कुणी वरणफळं म्हणतं. कणीक सैल भिजवली किंवा वरणाला उकळी नसताना फळं सोडली तर काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. सगळ्याचा मिळून लगदा होतो. पास्त्याचंही अगदी तसंच आहे.

आता गव्हाकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. आपल्याकडे चपातीला लोकवन किंवा शरबती वापरतो. शेवया, कुरडया आणि रव्यासाठी मात्र जुन्या बायका बन्सी गहू मागायच्या. दाणा कडक, पिवळसर, काचेसारखा. या बन्सीलाच इंग्रजीत डुरम म्हणतात आणि अस्सल पास्ता याच गव्हाच्या रव्याचा असतो. इटलीत तर 1967 साली कायदाच झाला की वाळवलेला पास्ता डुरमचाच हवा. आपल्या सांगली, सातारा, कोल्हापूरकडचा खीर-पोळीचा खपली गहूसुद्धा याच्याच जवळच्या भावकीतला.

बन्सीचा एवढा आग्रह का, ते समजून घेऊ. गव्हात दोन गोष्टी आपल्या कामाच्या. एक पिष्ट, म्हणजे कुरडयांचा चीक ज्याचा होतो ते. दुसरं प्रथिन, म्हणजे कणकेचा गोळा पाण्याखाली धुतला की शेवटी हातात जो रबरासारखा चिवट तुकडा उरतो ते. पास्ता शिजताना पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात. प्रथिनाची जाळी त्यांना धरून ठेवते. बन्सीत ही जाळी घट्ट असते, म्हणून नळी फुगली तरी नळीच राहते. मैद्याच्या पास्त्यात ती ढिली पडते, फुगलेलं पिष्ट बाहेर सांडतं, पाणी खळीसारखं होतं आणि नळ्या एकमेकींना चिकटतात. मग तुम्ही कितीही जपून करा, गोळा व्हायचा तो होतोच.

म्हणून पाकीट घेताना मागच्या बाजूची घटकांची यादी वाचून घ्यायची. ती बहुतेक वेळा इंग्रजीत आणि बारीक अक्षरात असते, तर शाळेत जाणाऱ्या लेकीला वाचायला लावा. यादीत जो पदार्थ पहिला, तो वजनाने सर्वांत जास्त, असा नियम आहे. पहिलं नाव 'डुरम व्हीट सेमोलिना' असेल तर उत्तम. 'रिफाइन्ड व्हीट फ्लोअर' म्हणजे मैदा. नुसतं 'सूजी' लिहिलं असेल तर तो बन्सीचाच रवा असेल असं नाही, साध्या गव्हाचाही असतो, पण मैद्यापेक्षा बरा. पुढच्या बाजूला काय चित्र आहे, किती लाल-हिरवं आहे, याला काही अर्थ नाही.

बाजारात पोत्यातून सुटा पास्ता मिळतो, त्याला तर यादीच नसते. तिथे डोळे वापरायचे. बन्सीचा तुकडा मधासारखा पिवळसर, थोडा आरपार दिसणारा, मोडताना कट्कन आवाज करणारा असतो. मैद्याचा खडूसारखा पांढुरका दिसतो. पण पिवळेपणा रंग घालूनही आणता येतो, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका. गटाला पाच किलो घ्यायचा असेल तर आधी दुकानदाराकडून मूठभर मागून घ्या आणि घरी भरपूर पाण्यात दहा मिनिटं उकळा. पाणी थोडं गढूळ झालं आणि तुकडे आकार धरून राहिले तर माल घ्यावा. पाणी दाट पांढरं झालं आणि तुकड्यांच्या कडा विरघळल्या तर तसाच परत यावं. ही परीक्षा न करता पोतं उचललं की नुकसान गटाच्या डोक्यावर, आणि मग बैठकीत चर्चा मात्र कुणी शिजवलं याचीच होते.

पाण्याचं बोलू. इटलीतल्या बायका ठोकताळा सांगतात तो असा: 100 ग्रॅम पास्ता, 1 लिटर पाणी, 10 ग्रॅम मीठ. चार माणसांना 300 ग्रॅम पास्ता धरला तर 3 लिटर पाणी झालं. आता ज्या गावात टँकरची वाट बघावी लागते, तिथे तीन लिटर पाणी उकळून ओतून द्या असं आम्ही कुठल्या तोंडाने सांगणार? आणि तशी गरजही नाही. जास्त पाण्याचा फायदा इतकाच की पास्ता घातल्यावर उकळी लवकर परत येते आणि सांडलेलं पिष्ट पातळ होतं. अर्ध्या पाण्यात, म्हणजे दीड लिटरमध्येही 300 ग्रॅम पास्ता नीट शिजतो. अट एकच, उलथणं हातातून सोडायचं नाही. खाली राहिलेलं दाट पाणी रसात घालायचं आणि तरीही उरलंच तर आमटीत किंवा कणीक भिजवायला. त्यात मीठ आहे एवढं लक्षात ठेवायचं.

मिठाचं माप आपण कमी करू. तीन लिटरला सपाट तीन चहाचे चमचे पुरे, दीड लिटरला दीड. पण घालायचंच, आणि पास्ता टाकण्याआधी. फिका पास्ता ही दुसरी मोठी तक्रार असते आणि तिचं कारण नेमकं हेच. नळीच्या पोटात मीठ जातं ते ती पाणी पीत असताना. नंतर रसात कितीही मीठ घातलं तरी ते बाहेरच राहतं. चावलं की आधी खारट, मग सपक. इडलीच्या पिठात मीठ विसरलं तर चटणीत जास्त घालून इडली सुधारते का? तसंच हे.

बोअरचं पाणी फार जड असेल, भांड्यावर पांढरे डाग पाडणारं असेल, तर पास्ता जास्त चिकट होतो. क्षाराच्या पाण्यात पिष्ट जास्त सुटतं. उकळत्या पाण्यात लिंबाचे चार-पाच थेंब टाकून बघा, फरक पडतो. थेंबच टाका, फोड पिळू नका.

पास्ता घालायचा तो पाणी खळखळ उकळत असतानाच. पहिली दोन मिनिटं सगळ्यांत महत्त्वाची, कारण तेव्हाच वरचं पिष्ट ओलं होऊन गोंदासारखं होतं. त्या दोन मिनिटांत हलवत राहिलं तर पुढे चिकटत नाही. पाण्यात तेल घालण्याची चाल बरीच पसरली आहे. तेल वर तरंगतं, पास्ता खाली शिजतो, दोघांची गाठच पडत नाही. गाठ पडते ती गाळताना. तेव्हा तेलाचा थर नळ्यांवर बसतो आणि मग रस त्यावरून घसरून ताटात खाली साचतो. म्हणजे तेल गेलं ते गेलं, वर रसही धरला नाही.

कुकरमध्ये शिट्ट्या देऊन पास्ता करणाऱ्या मैत्रिणी आहेत, त्यांना हात जोडून सांगतो, पातेलंच घ्या. कुकरचं झाकण लागलं की आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि पास्त्यात एका मिनिटाने सगळं बदलतं. पाकिटावर वेळ लिहिलेली असते. ती संपण्याच्या दोन मिनिटं आधी एक तुकडा काढून दाताखाली धरा. मध्ये बारीकसा पांढरा ठिपका दिसला, दाताला किंचित विरोध वाटला की उतरवा. अजून कच्चा आहे असं वाटेल, पण तो रसात पुन्हा दोन मिनिटं शिजणार आहे आणि ताटात पडल्यावरही गरम असेपर्यंत पाणी पीतच राहतो. पातेल्यात अगदी मऊ झालेला पास्ता ताटात गिळगिळीत होतो. शेवयांच्या खिरीचं आपण हेच करतो ना, थोडी पातळ असतानाच उतरवतो.

गॅस वाचवायचा असेल तर आणखी एक युक्ती आहे. इटलीचे जॉर्जो पारिसी, ज्यांना 2021 साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी पुढच्याच वर्षी गॅस महागला तेव्हा लोकांपुढे ती मांडली आणि तिकडच्या आचाऱ्यांनी त्यावर बराच वाद घातला. पास्ता टाकून पाण्याला पुन्हा उकळी येऊ द्यायची, दोन मिनिटं उकळायचं, मग गॅस बंद करून घट्ट झाकण ठेवायचं. उरलेलं शिजणं पाण्याच्या उष्णतेवर होतं, वेळ थोडा जास्त लागतो एवढंच. बन्सीच्या पास्त्याला हे चालतं. मैद्याच्या पास्त्यावर मात्र करू नका, तो आणखी चिकट होतो.

गाळताना वाटीभर पाणी आधी बाजूला काढून ठेवा. हे पाणी रसाला दाटपणा देतं आणि नळीला रस चिकटवतं. आणि गाळलेला पास्ता नळाखाली धुऊ नका. भात धुतो त्या सवयीने हात जातो खरा, पण धुतला की वरचं उपयोगी पिष्ट निघून जातं. गार कोशिंबीर करायची असेल किंवा विक्रीसाठी आधी उकडून ठेवायचा असेल, तेव्हाच धुवायचा.

आता रस, ज्याला सगळे सॉस म्हणतात. लाल रसाची तक्रार एकच, आंबट आणि कच्चा. आपल्या बाजारातला टोमॅटो बराचसा हायब्रीड, लांबच्या प्रवासाला टिकावा म्हणून जाड सालीचा, आणि पुष्कळदा अर्धा कच्चा असताना तोडलेला. इटलीत रसासाठी गरदार, कमी पाण्याचा टोमॅटो वापरतात. आपला टोमॅटो तसा होत नाही असं नाही, त्याला वेळ द्यावा लागतो. पूर्ण पिकलेले, थोडे मऊ पडलेले घ्या. संध्याकाळी बाजार उठताना स्वस्तात मिळतात ते यासाठी चांगलेच. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकून साल काढा, चिरून किंवा वाटून घ्या. तेलात कांदा मऊ होईपर्यंत परता, मग लसूण घाला. लसूण सोनेरी झाला की लगेच टोमॅटो. लसूण काळा पडला तर तो काढून पुन्हा नवा घाला, कारण त्याचा कडूपणा पुढे कशानेच जात नाही. मग मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, कडेने तेल सुटेपर्यंत. हे आपण मटणाच्या रश्श्याला करतो, मग पास्त्यालाच पाच मिनिटांत का उरकतो? आंबटपणा फार असला तर किसलेलं गाजर किंवा लाल भोपळ्याची फोड त्यातच शिजवा. चिमूटभर गूळही चालतो. बाटलीतलं टोमॅटो केचप घालून वेळ वाचतो खरा, पण त्यात साखर आणि व्हिनेगर दोन्ही असतं, आणि मग सगळ्याला आंबटगोड एकच चव येते.

पांढऱ्या रसात गुठळ्या होतात. त्याचं उत्तर पिठल्यात आहे. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात एकदम टाकलं की बाहेरचं पीठ लगेच शिजतं, आतलं कोरडं अडकतं आणि गुठळी होते. म्हणून दोन मोठे चमचे लोणी किंवा तूप, त्यात तेवढाच मैदा किंवा कणीक, मंद आचेवर कच्चा वास जाईपर्यंत परता. रंग बदलू देऊ नका. मग दोन कप कोमट दूध थोडं थोडं घालत सतत ढवळा. पहिलं दूध पूर्ण मुरल्याशिवाय पुढचं घालायचं नाही. या रसात टोमॅटो घालून गुलाबी करायची हौस असेल तर टोमॅटो आधी नीट आटवून, थोडा निववून, आच मंद करून घाला. कच्च्या आंबट टोमॅटोत गरम दूध ओतलं तर ते फाटणारच. आपण लिंबू पिळून पनीर करतो, तेच तिथे घडतं. फाटलं तर घाबरू नका, खायला काही धोका नसतो, फक्त दिसायला रवाळ दिसतं.

रस तयार झाला की अर्धवट शिजलेला पास्ता त्यात घालून, ठेवलेलं पाणी थोडं थोडं ओतत दोन मिनिटं मोठ्या आचेवर हलवायचं. पास्ता ताटात काढून वर रस ओतण्याची पद्धत आम्हाला पटत नाही. वरण-भात तसा वाढतात, हा पदार्थ तसा नाही.

डब्याचं वेगळं. सकाळी सातला भरलेला डबा दुपारी उघडतो, तोवर पास्ता सगळा रस पिऊन बसतो आणि गार पिष्ट पुन्हा आवळतं, शिळ्या भातासारखं. म्हणून डब्यासाठी आणखी मिनिटभर आधी उतरवायचा, रस नेहमीपेक्षा पातळ ठेवायचा, आणि थोडं तेल वर घालायचं. चीज डब्यात नकोच, गार झालं की चामड्यासारखं होतं.

पोषणाबद्दलही विचारलं जातं. मैद्याचा पास्ता आणि सोबतच्या मसाल्याच्या पुडीने पोट भरतं, पण रोजच्या भाकरी-भाजीची जागा त्याला देऊ नये. पुडीत मीठ बरंच असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सगळं मिळून एक चहाचा चमचासुद्धा पुरता नाही, आणि मुलांना त्याहून कमी. त्यामुळे पुडी अर्धीच घाला आणि रसात शेवग्याचा पाला, मोड आलेली मटकी, शेंगदाण्याचं कूट असं काही जाऊ द्या. शेंगदाण्याचं कूट पांढऱ्या रसात छान लागतं, हे आम्ही खाऊन सांगतो आहोत. आणि ज्यांच्याकडे जिरायती बन्सी होतो त्यांच्यासाठी एक माहिती: पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढलेला एमएसीएस 4028 हा बन्सी प्रकारातलाच वाण आहे. तो साधारण 102 दिवसांत येतो आणि त्यात प्रथिनं 14.7 टक्के असल्याचं संस्थेने सांगितलं आहे. अशा गव्हाच्या रव्याच्या शेवया कापून, पास्त्याच्या रसात घालून बघा. शेवया आधी कोरड्या भाजून घ्या म्हणजे मोकळ्या राहतात.

शाळेच्या आनंद मेळ्यात किंवा जत्रेत स्टॉल लावणाऱ्या गटांसाठी हिशेब. 1 किलो कोरडा पास्ता शिजून साधारण सव्वादोन किलो होतो. रस आणि भाज्या सव्वा किलो धरल्या तर साडेतीन किलो माल, म्हणजे 200 ग्रॅमच्या सतरा प्लेटा. दर ठरवताना गॅस, प्लेटा, चमचे आणि तुमची मजुरी त्यात धरा, मजुरी बहुतेक वेळा राहूनच जाते. पास्ता घरून दोन मिनिटं कमी उकडून, धुऊन, तेलाचा हात लावून पसरट ताटात पसरून न्यायचा. रस वेगळ्या डब्यात. गिऱ्हाईक आलं की तेवढाच तव्यावर एकत्र करायचा. एकदम सगळा कालवून ठेवला तर तासाभराने गोळाच विकावा लागेल. उन्हाळ्यात उकडलेला पास्ता दोन तासांपेक्षा जास्त उघड्यावर ठेवू नका. भातासारखाच तोही खराब होतो, आणि वास येण्याआधीच होतो.

आणि एवढं करूनही घरी एखाद्या दिवशी गोळा झालाच, तर ताजा असतानाच तो कुस्करा. त्यात बेसन, बारीक कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची, ओवा घाला आणि तव्यावर थालीपिठासारखा थापा. दही बरोबर ठेवा. पोरं विचारतील हे काय आहे, त्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.